बारावी बोर्डाचं राज्यशास्त्र पंधरा दिवसांत होईल का?

होईल. गाईड बाजूला ठेव, बोर्डाचं पुस्तकच धर. सगळ्यात जास्त वेळ ‘१९९१ नंतरचे जग’ला दे. जुलै १९९१ मध्ये भारताचं नवं आर्थिक धोरण आलं, डिसेंबरात सोव्हिएत संघ विघटित झाला, १९९३ मध्ये युरोपीय संघ आणि १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. हे धागे एकमेकांना जोडलेस की जागतिकीकरणाचा धडा अर्धा तयार होतो, आणि सहसंबंधाच्या प्रश्नाची भीतीही जाते. सुटी सनावळी घोकू नकोस, पेपरात हमखास गोंधळ होतो.

सुशासनासाठी माहितीचा अधिकार (२००५) आणि लोकपाल कायदा (२०१३) ही उदाहरणं पक्की ठेव. आणि रोज एक दीर्घोत्तर घड्याळ लावून लिहीच, नुसतं वाचून हात चालत नाही!