शर्ट उसवायची घाई नको

प्रश्न : ताई, नवऱ्याचे सुती शर्ट कॉलरच्या घडीवर विरलेत, बाकी कापड चांगलं आहे. त्यांचे मला टॉप शिवायचेत. एक शर्ट पूर्ण उसवून, तुकड्यांना इस्त्री करून ठेवली, पण त्यावर पेपर कटिंग बसतच नाही. काय करू? – एक वाचक

उत्तर : उसवलेला बाजूला ठेवा, त्याचं नंतर सांगते. बाकीचे मात्र उसवू नका. बटणपट्टी, काजं आणि खालची दुमड हीच शर्टातली किचकट कामं, आणि ती आयती झालेली आहेत. ती मोडून पुन्हा करायचा उत्साह माझ्यात तरी नाही.

आधी शर्ट उजेडासमोर धरा. वीण विरळ दिसेल तिथे खडूने खूण करा. कोपर आणि पाठीचा वरचा भाग जास्त झिजतो. दोन्ही हातांनी कापड आडवं ताणा. चर्र आवाज आला तर तो शर्ट पुसायला ठेवा, त्यावर मेहनत नको.

कापड टिकाऊ निघालं, की फक्त बाह्या उसवा. सगळी बटणं लावा, शर्ट उलटा करा आणि बटणांच्या रेषेवर उभी घडी घाला. दोन्ही खांदे एकावर एक आले पाहिजेत. त्यावर तुमच्या अंगाला नीट बसणारा, न ताणणाऱ्या कापडाचा टॉप तसाच घडी करून ठेवा आणि कडेने खडू फिरवा. शिलाईसाठी दीड सेंटीमीटर दाब सोडा. इथे एक गोष्ट बहुतेक जणी विसरतात : शर्टाच्या योकची, म्हणजे खांदे आणि वरची पाठ झाकणाऱ्या पट्टीची, पुढची शिलाई खांद्याच्या माथ्यावर नसते, थोडी पुढे उतरलेली असते. टॉपच्या खांद्याची शिलाई तिच्यावर ठेवलीत तर पुढचा मुंढा, म्हणजे बाही बसते तो गोल, खाली ओघळेल. ती माथ्यावरच्या घडीशी जुळवा. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा थोडा खोल हवा, म्हणून दोन्ही वेगवेगळे आखून घ्या.

कॉलर उलटवून पुन्हा बसवता येते, खालची बाजू सहसा कोरी असते. पण टॉपला मी कॉलरचं पान काढूनच टाकते. गळ्याची उभी पट्टी तेवढी राहू द्यायची आणि तिचं उघडं तोंड आत दुमडून कडेने टीप मारायची.

बाही आखूड ठेवा आणि ती जुन्या बाहीच्या वरच्या रुंद भागातून कापा, म्हणजे झिजलेलं कोपर आपोआप वगळलं जातं. नव्या मुंढ्याचा घेर टेप उभा धरून मोजा. बाहीचा वरचा गोल त्याहून एक-दोन सेंटीमीटर जास्त ठेवा आणि ते जास्तीचं कापड खांद्याजवळ मुरवा, म्हणजे चुण्या न दिसता शिलाईत सामावून घ्या. सुई ११ नंबरची घ्या, जाड सुईची भोकं पातळ कापडावर दिसत राहतात.

आता उसवलेला शर्ट. पाठ आणि योक वेगळे पडलेत, म्हणून पेपर बसत नाही. आधी योक पाठीला जोडून घ्या, इस्त्री करा, मग तो अख्खा तुकडा एकच कापड समजा. उभा धागा पेपरवरच्या रेषेशी जुळला पाहिजे. तिरका लागला तर धुतल्यावर टॉप अंगावर पिळतो. तरीही कापड पुरलं नाही तर लहान मुलाचं झबलं शिवा, त्यात जोड खपतात.

प्रश्न : जुन्या टी-शर्टवर माझी मशीन टाके गाळते. मशीन बिघडलीय का? – एक वाचक

उत्तर : आधी सुई बदला. विणलेल्या होजिअरीला गोल टोकाची, म्हणजे बॉलपॉइंट सुई लागते. ती धागे फोडत नाही, बाजूला सारते. टीप बारीक झिगझॅग ठेवा, कापड मागून ओढू नका. गळ्याची रिब मूळचीच वापरा. तिथली ताणणारी पट्टी घरी जमवणं कटकटीचं असतं, मी तो नाद सोडलाय.