अंगणातला मांडव आणि डोक्यावरचं ऊन

प्रश्न : ताई, मेच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या मामेबहिणीचं लग्न गुहागरजवळ आजोळच्या घरी आहे. हॉल नाही, स्टेज नाही, डीजे नाही. पुढच्या अंगणात झावळ्यांचा मांडव आणि 90 माणसं. मुहूर्त दुपारी 12 वाजून 28 मिनिटांचा. ‘तुझ्याकडे कॅमेरा आहे ना, मग तूच काढ. पोझबिझ काही नकोत,’ असं मामाने सांगून टाकलंय. आजवर मी किल्ले आणि पक्षी सोडून काही काढलेलं नाही. 35 आणि 85च्या दोन लेन्स आहेत, एक फ्लॅश आहे. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मुहूर्तापासून करा, कारण खरी अडचण तिथेच आहे. रत्नागिरी जिल्ह्यात मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात, आणि आपल्याकडे ती वेळ साडेबाराच्या आसपासची. म्हणजे तुमच्या गुरुजींनी नेमका तोच क्षण काढून दिलाय! अशा उन्हात डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात, नाकाची सावली ओठांवर पडते, आणि मुंडावळ्यांच्या रेघा गालांवर उमटतात.

मांडव आहे म्हणून निर्धास्त राहू नका. झावळ्यांतून ऊन गाळून येतं ते नाण्यांएवढ्या ठिपक्यांनी. नवरीच्या कपाळावर एक, हनुवटीवर एक, शालूवर पंचवीस. ठिपका नीट यावा म्हणून एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) धरलं तर बाकीचा चेहरा काळा, चेहरा धरला तर ठिपका पांढराफटक. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये हे धड निस्तरत नाही.

उपाय स्वस्तातला आहे. बाजारातून पाच-सहा मीटर मांजरपाट, म्हणजे साधं कोरं सुती कापड, आणा आणि आदल्या दिवशी, मांडववाले शिडीसकट तिथे असतानाच, बोहल्याच्या वर झावळ्यांच्या आतून ताणून बांधून घ्या. ठिपके गायब होतात आणि त्या जागी दुधासारखा सपाट उजेड उतरतो. फक्त होम कुठे पेटणार ते गुरुजींना विचारा, त्याच्या डोक्यावर कापड नको. मुलीच्या आईलाही आधी सांगून ठेवा, नाहीतर सकाळी कुणीतरी ‘हे काय मळकट फडकं’ म्हणून ओढून काढतं. माझ्या बाबतीत झालंय.

मांडवावर हिरवी जाळी टाकायचा बेत असेल तर मात्र मामाच्या हातापाया पडा. सात-आठ वर्षांपूर्वी एका घरी मी संकोचाने बोलले नाही. सगळं वऱ्हाड कैरीच्या रंगाचं आलं. जाळीखाली चेहरे हिरवे आणि मागचं अंगण नेहमीसारखं, त्यामुळे हिरवा काढायला गेलं की अंगण जांभळं व्हायचं. शेवटी निम्मा अल्बम कृष्णधवल करून दिला आणि ‘आजकाल हीच फॅशन आहे’ असं सांगितलं. नवरीच्या आत्याला ते पटलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, घराचाही एक रंग असतो. ऊन जांभ्यावर आणि लाल मातीवर आपटून खालून वर येतं, आणि गाल, हनुवटीखालचा भाग तांबूस होतो. थोडा असेल तर छानच दिसतो, घराचाच रंग आहे तो. फोटो रॉमध्ये (नंतर रंग सुधारता येतात अशा कच्च्या फाइलमध्ये) काढा आणि बोहल्याजवळ एकदा कोरा पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यातली रंगांची जुळणी, ठरवून टाका. मग दुपारभर त्याला हात लावू नका.

आता अंतरपाट. गुरुजींना आधी गाठून विचारा की तो कुठल्या बाजूला ओढणार. त्याच्या विरुद्ध बाजूला, कापडाच्या कडेच्या रेषेत उभे राहा, म्हणजे एकाच चौकटीत दोन्ही चेहरे मिळतात. मंगलाष्टकं म्हणायला हौशी आत्या आणि मावश्या पुढे येणार, एकेकीचं संपता संपत नाही, तोवर तुमचे हात भरून येतील. कॅमेरा खाली ठेवा आणि कान उघडे ठेवा. ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ ऐकू आलं की बोट शटरवर. अक्षता हवेत थांबलेल्या हव्या असतील तर शटरचा वेग 1/500च्या (सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या) खाली आणू नका. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, 1600 झाला तरी चालेल. इथे 35ची लेन्स लावा, ती जवळूनही सगळं चौकटीत घेते. 85 लावून मागे गेलात तर तुमच्यासमोर काकांचे सात मोबाइल उभे राहतील. त्यांना हटकू नका. त्यांचंही लग्नच आहे ते.

माझे बाबा चिपळुणात स्टुडिओ चालवायचे. अख्ख्या लग्नाला 36चे 4 रोल न्यायचे, म्हणजे 144 फोटो, त्यातले चारपाच ‘न जाणो’ म्हणून शेवटपर्यंत राखून. लग्नघरात पोचले की ते पहिला तासभर कॅमेरा पिशवीतून काढत नसत. चहा घ्यायचे, माजघरापासून परसापर्यंत चक्कर मारायचे. उजेड कुठून येतो, आजी कुठे बसते, पोरं कुठे लपतात, हे बघायचे. पोझ नको म्हणणाऱ्या घरात काम असंच करावं लागतं. तुम्ही आदल्या दिवशीच जा. दुपारी बाराला पडवीत उभे राहून बघा, पाचला परत बघा. नवरी तयार होताना तिला माजघराच्या दारापाशी बसवा. आत काळोख, बाहेरून उजेड, बाकी काही लागत नाही. फ्लॅश तिथे काढूच नका.

गाडीत एसी लावून थेट हळदीत उतरू नका. थंड लेन्सला कोकणातली मेची हवा लागली की काच लगेच धुरकटते. मी एकदा घाईने ती ओढणीच्या टोकाने पुसली. ओढणीला हळद लागली होती. बॅग बंद ठेवून अर्धा तास सावलीत ठेवा, आपोआप ठीक होते.

सगळ्या घराचा एकत्र फोटो पंगत बसण्याआधी घ्या. फणसाची भाजी आणि आमरस पोटात गेल्यावर माणसं ओटीवर आडवी होतात, ती मग उठत नाहीत. तो फोटो मांडवात न घेता घराच्या जिथे सावली असेल त्या भिंतीशी घ्या. पंगतीत मात्र जेवणाऱ्यांचे नको, वाढणाऱ्यांचे काढा. घास तोंडात असलेला फोटो कुणालाच आवडत नाही, पण वाकून आमटी वाढणाऱ्या काकाच्या कपाळावरचा घाम पाहताना तो दिवस पुन्हा आठवतो. स्वतः पहिल्या पंगतीला जेवून घ्या.

जोडप्याचे वेगळे फोटो साडेसहाला, मावळतीआधी अर्धा तास. पंधरा मिनिटं पुरतात. विहिरीकडे चालत जा म्हणा आणि तुम्ही मागे राहा. 85ची लेन्स तेव्हा काढा.

एकच गोष्ट मामाला स्पष्ट सांगा: त्या दिवशी तुम्ही वाढपी नाही, ड्रायव्हर नाही, बर्फ आणायला जाणारे नाही. हे जमणार नसेल, आणि आजोळात ते बहुधा जमत नाही, तर विधींपुरता जवळपासचा कुणी फोटोग्राफर सांगा आणि उरलेला दिवस तुम्ही काढा. त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : घरच्या कार्यात रात्री बल्बच्या उजेडात फोटो पिवळे येतात. फ्लॅश मारला की माणसं पांढरी आणि मागचं सगळं केशरी. छतावर फ्लॅश मारून पाहिला, काहीच फरक नाही.
– एक वाचक, दापोली

उत्तर : छत कौलारू असणार. कौलं आणि काळे वासे उजेड गिळून टाकतात, परत काही देत नाहीत. चुन्याची पांढरी भिंत शोधा आणि फ्लॅश तिच्यावर मारा. रंगाचं म्हणाल तर पिवळा बल्ब आणि फ्लॅश यांचे उजेडच वेगळ्या जातीचे. शाळेच्या गॅदरिंगला लावतात तो नारिंगी जिलेटीन कागद फ्लॅशच्या तोंडावर चिकटवा आणि व्हाइट बॅलन्स बल्बवर ठेवा, दोघांचं जुळतं. स्वस्तातल्या एलईडी माळा असतील आणि फोटोत आडवे पट्टे येत असतील तर शटर 1/100 किंवा 1/50 करून बघा. आपली वीज 50 हर्ट्झची, दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, ते पट्टे त्याचेच. आणि बॅटऱ्या दिवसाच चार्ज करून ठेवा. वळवाची सर आली की लाइट जाणारच.