फोल्डर दिसतंय पण उघडत नाही? आधी हे बघ

भाऊ, घरच्या लिनक्स सर्व्हरवरचं शेअर केलेलं फोल्डर विंडोजवरून उघडत नाही म्हणून सगळ्या फाइल्सना ७७७ (म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या) देऊन टाकायचा विचार आधी डोक्यातून काढ, त्याने घरातला कोणीही काहीही उडवू शकेल आणि मूळ दुखणं राहील तिथंच. पहिलं बघ, सर्व्हर सापडतच नाहीये की सापडतोय पण "ॲक्सेस डिनाइड" म्हणतोय. सापडत नसेल तर बहुतेक त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदललाय, आपल्या नाशिकला पावसाळ्यात लाइट जाते-येते, राउटर रीस्टार्ट होतो आणि सर्व्हरला नवीन आयपी देऊन मोकळा होतो, राउटरमध्ये ॲड्रेस रिझर्व्ह करून टाक, विषय संपला.

डिनाइड म्हणत असेल तर खरी गंमत. सांबामध्ये (लिनक्सवरचं फोल्डर विंडोजला दाखवणारा प्रोग्राम) परवानगी दोन ठिकाणी असते, एक शेअरची आणि एक खालच्या लिनक्स फोल्डरची, दोघांत जी कडक तीच चालते. शेअरला रीड-राइट दिलंस पण फोल्डर रूटच्या (लिनक्सच्या मुख्य ॲडमिनच्या) नावावर असेल तर लिहिताना अडकणारच. फोल्डरला एक्झिक्यूट बिट (आत शिरायची परवानगी) पण लागतो हां, नुसत्या रीडने आत जाता येत नाही, आणि त्याच्या वरच्या फोल्डरांनाही लागतो, हे कोणी बघतच नाही. सांबाचा पासवर्ड वेगळा असतो, लिनक्स लॉगिनचा तिथे आपोआप चालत नाही.

एवढं करूनही विंडोज हटून बसला तर त्याने जुनं लॉगिन धरून ठेवलंय. क्रेडेन्शियल मॅनेजरमधून (विंडोज पासवर्ड साठवतो ती जागा) सर्व्हरची एंट्री काढ, लॉगआउट करून परत ये. घाईत असशील तर नावाऐवजी आयपी टाकून बघ, विंडोज त्याला वेगळा सर्व्हर समजतो. तरी नाही झालं तर फोल्डरचा मालक आणि परवानग्या दिसतील असा स्क्रीनशॉट पाठव मला.