एगुंगुनच्या आत कोण, हे विचारू नका
बदली लागोसला झाली आहे, योरुबा लोकांचा मुखवट्यांचा उत्सव बघायचाय, आणि तो आपल्या बोहाड्यासारखाच असतो का, असं तुम्ही विचारलंय. मी सहा वर्षं नायजेरियातल्याच इबादान शहरात काढली, त्यावरून सांगतो.

आधी ‘मुखवटा’ हा शब्द जरा बाजूला ठेवा. एगुंगुनला, म्हणजे या उत्सवात पितर म्हणून निघणाऱ्याला, बऱ्याचदा लाकडी चेहराच नसतो. डोक्यापासून पायापर्यंत नुसतं कापड, डोळ्यांसमोर विणलेली जाळी. कातडी तसूभर दिसत नाही. मखमल, लेस, हातमागाच्या जुन्या पट्ट्या, एकावर एक, कडेला लाल त्रिकोणांची झालर. घरचे वेळोवेळी वरून नवं कापड चढवतात, त्यामुळे सगळ्यात जुनं सगळ्यात आत. मी पहिल्यांदा बघितला तो माझ्यासमोरच गरकन फिरला, पट्ट्या छत्रीसारख्या उघडल्या आणि वाऱ्याचा झोत तोंडावर आला. शेजारचे म्हातारबाबा खूश झाले, कारण तो वारा म्हणजे आशीर्वाद. त्याला शिवायचं मात्र नाही. सोबतचा काठीवाला, म्हणजे आतोकुन, लोकांना मागे सारतो ते उगाच नव्हे.

आत माणूस आहे हे मोठ्यांना ठाऊक असतं, पण बोलायचं नसतं. तो ‘आरा ओरुन’, परलोकीचा रहिवासी. मी आगाऊपणा करून आमच्या ड्रायव्हरला विचारलंच, आत कोण आहे? तो शांतपणे म्हणाला, “माझे पणजोबा.”

म्हणून बोहाड्याशी तुलना मला पटत नाही. इथे सोंग नाही, पितर येतात.

लाकडी मुखवटेच हवे असतील तर योरुबांचा दुसरा उत्सव, गेलेदे, बघा. मुख्य ठिकाण केतू, आता बेनिन देशात. गेलेदे २००८ पासून युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत आहे. मुखवटा टोपीसारखा डोक्यावर बसतो, वर साप, पक्षी, कधी मोटारसायकलसुद्धा कोरलेली. पुरुष बायकांच्या वेषात नाचतात, ‘आपल्या माता’, म्हणजे गूढ शक्ती असलेल्या वडीलधाऱ्या बायका, प्रसन्न राहाव्यात म्हणून. आदर आहे तसा धाकही. आदल्या रात्री बाजारात ‘एफे’ असतो, गाण्यांतून गावच्या लबाडांची बिनपाण्याची हजामत. योरुबा कळत नसेल तर दुभाषा न्याच, सगळी मजा त्यात आहे.

फोटो आतोकुनला विचारल्याशिवाय नको. सुटे नायरा खिशात ठेवा. आणि वहिनी बरोबर येणार असतील तर इबादानला ओलोओलू नावाचा एगुंगुन कोणत्या दिवशी निघतो ते आधी विचारून घ्या. बायकांनी त्याला बघायचं नसतं, त्या दिवशी त्यांना घरीच थांबावं लागेल.