थीमचं लायसन्स संपलं, आता ब्लॉग अपडेट करू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: किल्ल्यांवरचा ब्लॉग 2006 पासून चालू आहे, ब्लॉग चालवणारं सॉफ्टवेअर वर्डप्रेस 3.9 या जुन्या आवृत्तीवर थांबलंय, 2013 मध्ये विकत घेतलेल्या थीमचं (म्हणजे ब्लॉगच्या रूपाच्या साच्याचं) ‘लायसन्स संपलं’ अशी सूचना सारखी दिसते, होस्टिंगवाला (ज्याच्या सर्व्हरवर ब्लॉग आहे तो) पीएचपी 8 वर, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिच्या नव्या आवृत्तीवर, नेणार म्हणतोय आणि ओळखीतल्या एकाने तीच थीम क्रॅक करून, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडून, फुकट देऊ केलीय. आधी मनावरचं ओझं उतरवतो. ती थीम वापरत राहण्यात तुमच्याकडून काहीही बेकायदा होत नाहीये.

वर्डप्रेसचा परवाना जीपीएल आहे, म्हणजे कोड कोणीही वापरावा, बदलावा, वाटावा असा खुला परवाना, आणि त्याला मुदत नसते. थीम वर्डप्रेसच्या पोटात शिरून चालते, म्हणून तिच्या पीएचपी कोडलाही जीपीएलच लागतो, अशी वर्डप्रेसची भूमिका आहे. यावरून 2010 मध्ये ‘थीसिस’ नावाच्या थीमच्या कर्त्याशी मोठा वाद झाला होता आणि शेवटी त्याने पीएचपीचा भाग जीपीएलखाली आणला. चित्रं आणि सीएसएस (रंग-मांडणीच्या फाइली) यांचा परवाना मात्र काही विक्रेते वेगळा ठेवतात, तेवढं थीमच्या फोल्डरमधल्या परवान्याच्या फाइलमध्ये बघून घ्या. तुमची संपली ती फक्त ‘की’ (विक्रेत्याने दिलेला लायसन्सचा कोड). त्या कीच्या पैशात वर्षभराचे अपडेट आणि मदत मिळत होती, ती बंद झाली. वापरायचा, बदलायचा, मैत्रिणीला द्यायचा हक्क शाबूत आहे. देताना तिलाही जीपीएलचेच हक्क द्यायचे, एवढीच अट.

हे परवान्याचं पुराण मी उगाच लावत नाहीये. 2004 च्या मे महिन्यात मूव्हेबल टाइप या ब्लॉग सॉफ्टवेअरची 3.0 आवृत्ती आली आणि फुकट वापरणाऱ्यांवर लेखक किती, ब्लॉग किती अशी बंधनं आली. तेव्हा कितीतरी लोक वर्डप्रेसकडे वळले. आणि वर्डप्रेस तरी कुठून आलं? बी2 नावाच्या सॉफ्टवेअरचं काम थंडावलं होतं, पण ते जीपीएलखाली होतं. म्हणून मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांना 2003 मध्ये तोच कोड उचलून पुढे नेता आला. मूळ लेखकाने हात काढून घेतला तरी काम मरत नाही, ते या परवान्यामुळे.

पण क्रॅक केलेल्या थीमला हात लावू नका. तिथे अडचण कायद्यापेक्षा भरवशाची आहे, मध्ये कोणी काय घुसडलंय ते कळत नाही. माझ्या एका मित्राने अशीच थीम टाकली होती. ब्लॉग नीट दिसत होता, पण सर्च इंजिनच्या निकालात त्याच्या कवितांच्या जागी औषधांच्या जाहिराती येत होत्या. साफ करायला आम्हाला तीन रविवार लागले.

‘माझ्या छोट्या ब्लॉगवर कोण हल्ला करणार’ असंही तुम्ही लिहिलंय. हल्ला माणूस निवडून करत नाही, स्क्रिप्ट सगळी दारं ठोठावत जाते. जानेवारी 2017 मध्ये वर्डप्रेस 4.7.2 आलं, त्यात बुजवलेलं सुरक्षेचं भोक आठवड्याने जाहीर झालं आणि लगोलग अपडेट न केलेल्या साइटींची पानंच्या पानं बदलली गेली. त्यात छोटे ब्लॉग होतेच. तुमच्या 3.9 ला तर डिसेंबर 2022 पासून सुरक्षा दुरुस्त्याही येत नाहीत.

आता सगळ्यात नाजूक जागा, इथे घाई करू नका. तुमचा ब्लॉग 2006 चा आहे. लेख जिथे साठतात त्या डेटाबेसचं कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) ठरवणारी ओळ डब्ल्यूपी-कॉन्फिग या वर्डप्रेसच्या सेटिंगच्या फाइलमध्ये आली ती वर्डप्रेस 2.2 पासून, म्हणजे मे 2007 मध्ये. त्याआधीच्या अनेक मराठी ब्लॉगांत टेबलं लॅटिन1 ची (रोमन अक्षरांची जुनी पद्धत) आणि आत भरलेला मजकूर यूटीएफ-8 चा (देवनागरीही मावणारी पद्धत), असा प्रकार आहे. ती ओळ नसेल किंवा रिकामी असेल तोवर सगळं वाचता येतं. कोणीतरी अपडेट करताना नवी कॉन्फिग फाइल टाकतं, ती ओळ भरली जाते आणि ‘राजगड’च्या जागी विचित्र रोमन अक्षरांची माळ दिसते. मजकूर तेव्हाही आत सुखरूप असतो. पण घाबरून त्याच अवस्थेत जुने लेख सेव्ह केले की ते कायमचे बिघडतात. मी स्वतः असे चाळीसेक लेख छापील कागदांवरून पुन्हा टाइप केलेत. योग्य उपाय म्हणजे बॅकअपच्या प्रतीवर टेबलाचा रकाना आधी बायनरी (अक्षरांचा अर्थ न लावता नुसते बाइट) करायचा आणि मग यूटीएफ-8 म्हणून जाहीर करायचा. थेट लॅटिन1 वरून बदलायला गेलात तर बिघाडच पक्का होतो.

बाकीचं काम सरळ आहे. फाइली आणि डेटाबेस दोन्हींचा बॅकअप, तोही घरच्या कॉम्प्युटरवर. मग सबडोमेनवर (तुमच्याच पत्त्याच्या उपपत्त्यावर) प्रत उभी करून सगळे प्रयोग तिथेच. होस्टिंगवाल्याला म्हणा, पीएचपी 5.6 थोडे दिवस राहू द्या. कारण जुन्या थीममध्ये क्रिएट_फंक्शनसारखी फंक्शनं असतात, ती पीएचपी 8 मध्ये उरलेलीच नाहीत, पान पांढरं पडेल. वर्डप्रेस आधी 4.9, मग 6.2, तिथून पीएचपी 7.4, मग ताजी आवृत्ती आणि शेवटी पीएचपी 8. वर्डप्रेस 5.0 पासून लेख लिहायचा संपादक बदललाय, जुनाच हवा असेल तर क्लासिक एडिटर हे प्लगिन टाका. जुनी थीम या प्रवासात टिकेलशी मला वाटत नाही, वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातली एखादी साधी थीम घ्या. अक्षरांसाठी मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ फाँट सुरेख आहे आणि त्याचा परवानाही खुला आहे.

सुरुवात करण्याआधी डब्ल्यूपी-कॉन्फिगमधली कॅरेक्टर सेटची ती एक ओळ आणि टेबलांचं कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारी सेटिंग) इथे लिहा. पासवर्डची ओळ चुकूनही टाकू नका. ते दोन्ही बघितलं की रकाने बदलावे लागतील की नाही ते सांगतो, तोवर अपडेटचं बटण दाबू नका.