सारखाच दिसणारा शब्द शोधात का सापडत नाही?

तुमचा प्रश्न असा: दोन फाइलींत ‘ॲप’ हा शब्द हुबेहूब सारखा दिसतो, तरी शोधल्यावर एकाच फाइलीतला सापडतो, मग अक्षरावरची चिन्हं संगणक साठवतो आणि दाखवतो तरी कशी?

बहुधा एका फाइलीत ‘ॲ’ हे अखंड अक्षर आहे आणि दुसरीत ‘अ’ व त्यावरचा चंद्र असे दोन तुकडे. संगणक आकार साठवत नाही, क्रमांक साठवतो. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, ‘अ’ म्हणजे ०९०५, चंद्र म्हणजे ०९४५ आणि अखंड ‘ॲ’ म्हणजे ०९७२. हे क्रमांक बाइटमध्ये साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत अखंड अक्षराला तीन बाइट लागतात, दोन तुकड्यांना सहा. शोधणारा साधा प्रोग्राम एवढंच जुळवून बघतो. पडद्यावर काय दिसतंय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

०९७२ हा क्रमांक मिळाला २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये. तोवर लोक ‘अ’पुढे चंद्र टाइप करून भागवत होते. आता युनिकोड ती जोडी वापरू नका असं सांगतं आणि काही सॉफ्टवेअर ती दिसली की मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ घुसवतात. ते टाळायला अनेकजण ‘अ’ आणि चंद्र यांच्यामध्ये झेडडब्ल्यूजे नावाचं अदृश्य जोडचिन्ह टाकतात. म्हणजे झाले तीन प्रकार, आणि तिसऱ्यातला एक तुकडा तर डोळ्यांना दिसतही नाही.

रोमन लिपीतही हीच भानगड आहे, पण तिथे सुटका सोपी. आस्की या जुन्या संकेतप्रणालीच्या, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीच्या, १२८ जागांमध्ये फ्रेंच ‘ई’वरची तिरकी रेघ बसत नव्हती, म्हणून पुढच्या संकेतप्रणालींनी रेघेसकट अखंड अक्षरांना जागा दिल्या. जुना मजकूर न बिघडता आत यावा म्हणून युनिकोडने ती अक्षरं घेतली आणि शिवाय कुठल्याही अक्षरानंतर लावता येतील अशी सुटी चिन्हंही दिली. दोन्ही रूपं समान, असं मात्र अधिकृतपणे ठरवून टाकलं. त्यामुळे नॉर्मलायझेशन, म्हणजे समान रूपं एकाच साच्यात आणणं, केलं की झालं: त्याचा एनएफसी हा प्रकार तुकडे जोडतो, एनएफडी सुटे करतो. आपल्याकडे ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) मिळून ‘ऱ’ होतो तो याच नियमाने. ‘अ’ आणि चंद्र मिळून ‘ॲ’ होतो, असं मात्र युनिकोडने कुठेच म्हटलेलं नाही. म्हणून तुम्ही कितीही नॉर्मलायझेशन केलंत तरी तुमचे दोन ‘ॲप’ वेगळेच राहणार. मला हे मराठीवर अन्यायच वाटतं, पण ही समानतेची कोष्टकं एकदा ठरली की बदलायची नाहीत असं धोरण आहे.

दाखवण्याचं काम वेगळ्याच यंत्रणेचं. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइडमध्ये ते हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर करतं. क्रमांकांची ओळ घ्यायची, फाँटमधले आकार निवडायचे, जोडाक्षरं बनवायची, ‘कि’ची वेलांटी साठवलेली असते ‘क’नंतर ती उचलून आधी आणायची. वरच्या-खालच्या चिन्हांसाठी फाँट बनवणाऱ्याने अक्षरावर एक अदृश्य बिंदू ठरवलेला असतो आणि चिन्हावर दुसरा. ते दोन एकमेकांवर बसवले की चिन्ह जागेवर येतं. बिंदू दिलेच नसतील तर अनुस्वार रफारावर चढतो. आणि चिन्हाला टेकायला अक्षरच नसेल तर बहुतेक ठिकाणी असं वर्तुळ दिसतं: ॅ

तुमच्या फाइलींवर उपाय एकच, ‘शोधा आणि बदला’. आधी ‘अ’, झेडडब्ल्यूजे, चंद्र ही तिकडी आणि मग ‘अ’, चंद्र ही जोडी, दोन्हींच्या जागी अखंड ‘ॲ’ घाला. फक्त मजकुरातले सगळेच झेडडब्ल्यूजे सरसकट पुसू नका. कित्येकजण ‘दऱ्या’मधला अर्धा र साधा ‘र’, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे असा टाइप करतात. तिथला झेडडब्ल्यूजे गेला की त्या दऱ्यांचा दर्या होतो.