सुई लावली की गाठ पसरते म्हणे

“मॅडम, गाठीला सुई लावली की ती पसरते म्हणे. खरं आहे का?” शस्त्रक्रिया विभागाच्या ओपीडीशेजारच्या छोट्या खोलीत मी गेली १४ वर्षे समुपदेशनासाठी बसते आणि हा प्रश्न ऐकल्याशिवाय माझा एकही आठवडा सरत नाही. विचारणाऱ्यांत शेतकरी असतात, प्राध्यापक असतात. एका परिचारिकेनेही स्वतःच्या आईसाठी तो दबक्या आवाजात विचारला होता. म्हणून येथे एका ताईंची हकीकत सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

ताई ४४ वर्षांच्या, घरी शिवणकाम करणाऱ्या. आंघोळ करताना उजव्या स्तनात सुपारीएवढी गाठ हाताला लागली, त्याला ७ महिने झाले होते. डॉक्टरांनी मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे), सोनोग्राफी आणि सुईने गाठीचा तुकडा काढून त्याची तपासणी (बायोप्सी) लिहून दिली होती. ती चिठ्ठी त्यांनी ब्लाउजच्या मापांच्या वहीत घडी घालून ठेवली होती. “दुखत नाही ना, म्हणजे साधीच असणार,” असे त्या पहिल्या भेटीत तीनदा म्हणाल्या. दुखणे हा निकष नाही, हे मी त्यांना सांगितले. पाळीच्या आगेमागे ठणकणाऱ्या गाठी पुष्कळदा निरुपद्रवी निघतात, तर कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. त्यांनी मान डोलावली, वही पिशवीत टाकली आणि त्या निघून गेल्या. माहिती पोहोचली होती, भीती मात्र जागची हलली नव्हती.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी श्रद्धा आहे. माणसाला घटनेपेक्षा त्या घटनेविषयीची स्वतःची समजूत अधिक छळते, हे तिचे सूत्र मी रोज खरे होताना पाहते. त्यामुळे समजूत खोडण्याआधी ती कोठून आली, हे मी विचारते. दुसऱ्या भेटीत त्याचा उलगडा झाला.

“माझ्या चुलतीला सुई लावली होती. चार महिन्यांत गेली.”

“सुई लावण्याआधी गाठ किती दिवस होती?”

पदराचा काठ बोटांत गुंडाळत त्या आठवू लागल्या. “दोन वर्षं तरी. कुणाला सांगितलं नव्हतं. जखम होऊन वास यायला लागला, तेव्हा घरच्यांनी नेलं.”

“मग चुलतीला कशाने नेलं, ताई? सुईने की त्या दोन वर्षांनी?”

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने घाई केली, तर हाती आलेले निसटते. सुई साऱ्या घराने पाहिली होती. पदराआडची दोन वर्षे कोणीच पाहिली नव्हती. म्हणून दोष सुईला लागला, आणि तोच पुढच्या पिढीच्या मनात वारसा म्हणून उतरला.

त्यानंतर गाठ म्हणजे काय, हे आम्ही सावकाश बोललो. शरीरात जुन्या पेशी झिजतात, नव्या तयार होतात आणि गरज भागली की वाढ थांबते. पेशीच्या जनुकांत बिघाड झाला की हे थांबणे चुकते आणि पेशींचा गोळा तयार होतो. साधी गाठ बहुधा आपल्या आवरणात राहते, शेजारच्या भागाला ढकलते, पण त्यात शिरत नाही; त्वचेखालची चरबीची गाठ किंवा तरुण मुलींच्या स्तनातली हाताखाली सरकणारी तंतुमय गाठ अशीच असते. (मेंदूसारख्या अडचणीच्या जागी मात्र साधी गाठही दाबामुळे धोक्याची ठरू शकते.) कर्करोगाची गाठ शेजारी घुसते आणि रक्तातून किंवा लसिकावाहिन्यांतून (लिम्फ हा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांतून) दूरवर जाऊन नवे ठाणे मांडते.

“म्हणजे एक कुंडीतलं रोप आणि एक भिंतीतला पिंपळ,” ताई म्हणाल्या. “आमच्या माहेरच्या वाड्यात होता. वरून छाटला की पुन्हा फुटायचा. शेवटी आजूबाजूचे दगड काढून मूळ काढलं.”

सर्जन गाठीभोवतीचा थोडा निरोगी भागही का काढतात, हे मला याहून चांगले सांगता आले नसते. मी एवढेच विचारले, “तो पिंपळ कोणी वाकून पाहिला म्हणून वाढला का?”

“नाही हो. कुणी पाहिलं नाही, म्हणून वाढला.”

हे उत्तर मी त्यांना दिले नव्हते. ते त्यांचे त्यांना सापडले, आणि म्हणूनच ते टिकले. तेव्हापासून कितीतरी घाबरलेल्या माणसांपुढे मी तो पिंपळ ठेवला आहे.

आता मूळ प्रश्नाविषयी. स्तनाच्या गाठीतून सुईने नमुना घेतल्याने आजार बळावत नाही. अंडकोशाच्या संशयित गाठीसारख्या मोजक्या ठिकाणी डॉक्टर स्वतःच सुई टाळतात, कारण तेथे पेशी सांडण्याचा धोका त्यांना ठाऊक असतो. हा निर्णय त्यांच्यावर सोडावा, शेजारणीवर नव्हे. तुकडा काढताना जागा बधिर करतात. पुढे तो फॉर्मालिनमध्ये ठेवून मेणात बसवतात, केसाहून कितीतरी पातळ काप घेऊन गुलाबी-जांभळ्या रंगाने रंगवतात आणि पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची वीण तपासतात. याला काही दिवस लागतात. रिपोर्ट लांबला म्हणजे बातमी वाईट, असे मुळीच नसते. मात्र हे दिवस एकट्याने काढू नयेत, आणि फोनवर रात्रभर शोधाशोध करण्यात तर अजिबात घालवू नयेत.

ताईंची गाठ कर्करोगाची निघाली. लहान होती, काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचलेली नव्हती. स्तन राखून शस्त्रक्रिया झाली, नंतर रेडिएशन झाले. रिपोर्टच्या दिवशी त्या रडल्या आणि मी त्यांना रडू दिले. आता वर्षातून एकदा त्या मॅमोग्राफीला येतात. पुढची तारीख लिहायला पिशवीतून तीच वही काढतात आणि कुणाच्या तरी बाहीच्या मापाखाली ती नीट लिहून घेतात.